सातशे साठ, आठशे पन्नास

त्या शुक्रवारी मृदुला मगदूम कॉलेजातून घरी आल्या त्या तणतणतच. एक चप्पल दाराशी पडली, दुसरी पार सोफ्याखाली.

"चार मार्क कापले त्या पोरीचे. चार!"

केतकी आदल्याच दिवशी पुण्याहून मिरजेला आली होती. एका प्रकाशनसंस्थेत ती हस्तलिखितं तपासायची आणि चार दिवस सुटी मिळाली की आईकडे येऊन शेंगा फोडत बसायची. आत्ताही ती तेच करत होती.

"कुणाचे कापले?"

"पल्लवी कोळीचे. एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक काढायचा होता. बाकी सगळ्या वर्गाचं उत्तर काय? सहा पूर्णांक बासष्ट, गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात. पुस्तकातलं, जसंच्या तसं. आमच्या त्या खटारा मीटरवर! उत्तर आधी लिहायचं आणि मग रीडिंग बसवत मागे यायचं. हिचं एकटीचं आलं चार पूर्णांक एक आणि उणे पंधरा. तर तो एक्स्टर्नल परीक्षक म्हणतो, हे चूक. मी म्हटलं, अहो, तिनं इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढलंय, जूलमध्ये नेऊन बघा, बरोब्बर येतं. उत्तर चुकलेलं नाही, एकक वेगळं आहे."

"मग?"

"पानातली वांग्याची भाजी संपेपर्यंत ऐकत होता. भाजी संपली, ऐकणं संपलं."

केतकी हसली. आईने पर्स टाकली, ताटातले चार दाणे तोंडात टाकले आणि कुणी विचारलं नसताना शिकवायला लागली. एलईडी असा उगीच पेटत नाही. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. एका ठरावीक आकड्याशी आलं की मगच तो उजळतो. लाल लवकर पेटतो, निळ्याला जास्त लागतं. कारण प्रकाशाच्या लाटेची लांबी वाढली की त्याची ऊर्जा घटते. बाराशे चाळीसला नॅनोमीटरने भागायचं, की इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळाले.

"एक मोठं झालं की दुसरं लहान होतं. एवढंसं आहे. पण पोरं तिथंच आपटतात."

"मला कशाला सांगतेस? मी कुठे परीक्षेला बसलेय?"

"खरंच की. तुमच्या कादंबऱ्यांना कुठलं आलंय एकक," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेसिनसमोर खाली बसली. पडली नाही, बसलीच, हातात ब्रश तसाच. केतकी धावत गेली तेव्हा आईचे डोळे उघडे होते. त्यानंतर आई स्वतःहून कधी कुठे वळली नाही.

मेंदूच्या देठातली एक रक्तवाहिनी बंद पडली होती. डॉक्टर बिरनाळे आडवळणाने बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सांगितलं की मॅडमना सगळं ऐकू येत असणार, कळतही असणार. पण हात, पाय, जीभ, पापणी, यातलं काहीही त्यांच्या हुकमात राहिलेलं नाही. श्वासासाठी गळ्यातून नळी, अन्नासाठी पोटातून. आई आत होती आणि बाहेर यायला एकही दार नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी हे झालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. आता संवादपट्टी निघाली होती. कपाळावर बांधायची बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यात दोन एलईडी आणि त्यांच्यामध्ये एक डोळा, म्हणजे परत आलेला प्रकाश मोजणारा बिंदू. एका दिव्याची लांबी सातशे साठ नॅनोमीटर, दुसऱ्याची आठशे पन्नास. हा प्रकाश कपाळाच्या हाडातून आत शिरतो, मेंदूच्या पृष्ठभागाला शिवून येतो. प्राणवायू भरलेलं रक्त यातला एक जास्त पितं, प्राणवायू संपलेलं रक्त दुसरा. दोन्हींचा हिशेब लावला की मेंदूचा तो भाग कामाला लागलाय की सैलावलाय हे कळतं. 'हो' म्हणायचं असेल तर रोग्याने मनातल्या मनात आकडेमोड करायची. 'नाही' म्हणायचं असेल तर मन मोकळं सोडायचं, ओळखीची एखादी शांत जागा आठवायची. थोडा वेळ थांबलं की शेजारच्या टॅबवर उत्तर उमटतं आणि एका अनोळखी बाईच्या आवाजात ऐकूही येतं.

पहिल्यांदा त्या आवाजाने "हो" म्हटलं तेव्हा केतकी बाहेर जिन्यात जाऊन रडली. मग आत येऊन तिने विचारलं, "आई, सतराचा पाढा म्हणतेस का ग?"

"नाही."

"एकोणतीसचा?"

"हो."

केतकीने पुण्याची खोली सोडली. हस्तलिखितं इथेही तपासता येत होती. आईची खोली हीच तिची कचेरी झाली. जंतूंच्या भीतीने खिडक्या बंद, पडदे ओढलेले, श्वासयंत्राचा तोच सुस्कारा दिवसभर. हळूहळू तिचं बोलणंही त्या खोलीच्या मापाचं झालं. पट्टीला फक्त प्रश्न कळायचे, आणि तेही हो-नाहीचे. उकडतंय का? कूस बदलू? रेडिओ लावू? नदाफ सर आलेत, भेटायचंय? भाजीवालीशी बोलतानासुद्धा केतकी प्रश्नच विचारायला लागली. साधं वाक्य बोलायची तिची सवय मोडत चालली होती. लोक म्हणायचे, आईसाठी केवढं केलंस. ती म्हणायची, आईला माझी गरज आहे ना?

पट्टीतले दिवे वर्षभरात मंदावतात. म्हणून वर्ष भरल्यावर दवाखान्यातून पूर्वा नावाची तंत्रज्ञ आली, तिने जुनी पट्टी काढली, नवी बांधली, दवाखान्याने दिलेले आकडे टॅबवर भरले आणि नेहमीचा पहिला प्रश्न विचारला.

"मॅडम, तुमचं नाव मृदुला आहे?"

"नाही."

पूर्वाने पट्टी नीट केली, पुन्हा विचारलं. नाही. तुम्ही मिरजेत राहता? नाही. तुम्ही विमान चालवता? हो.

"ताई, डॉक्टरांना बोलवू या," पूर्वा हलक्या आवाजात म्हणाली.

डॉक्टर बिरनाळ्यांनी तपासण्या केल्या. स्पष्ट काही दिसलं नाही. कदाचित बारीकसा दुसरा झटका असेल, कदाचित इतका काळ कोंडून राहिल्याने मन भरकटलं असेल. "उत्तरांवर आता विसंबू नका," ते म्हणाले. तरी केतकी विचारत राहायची. उकडतंय? नाही, असं पट्टी म्हणायची आणि आईच्या मानेखालची उशी घामाने ओली असायची. त्या दिवसांत केतकीला वाटलं, आई आता खरी गेली. आधी नुसतं दार बंद होतं. आता आत कुणी नाही.

त्यातच आईच्या छातीत कफ भरला. कायद्याने अशा वेळी तो एक प्रश्न विचारावा लागतो. दोन डॉक्टर, कॅमेरा, आणि घरची माणसं म्हणून केतकी आणि आईचे धाकटे भाऊ अजितमामा. मामा सांगलीहून हातातलं काम टाकून आले होते.

"मॅडम," बिरनाळे म्हणाले, "श्वासयंत्र पुढे चालू ठेवावं, अशी तुमची इच्छा आहे का?"

मग तो अनोळखी आवाज म्हणाला, "हो."

मामांनी भिंतीला टेकून डोळे पुसले. "बघितलंस? जिद्दी आहे आमची ताई." डॉक्टरांनी सही केली. कफ औषधांनी उतरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी केतकीने सवयीने विचारलं, "आई, तुझं नाव मृदुला ना?" आणि उत्तर आलं, "हो." मिरजेत राहतेस? हो. विमान चालवतेस? नाही. सगळं पूर्ववत. डॉक्टर म्हणाले, मेंदू कधीकधी सावरतो. मामांनी फोनवर विचारलं, "आली का ताळ्यावर?" आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन हजर झाले.

तो मोठा प्रश्न मग कुणी काढला नाही. उत्तर आलं होतं, नोंदलं गेलं होतं, आणि सगळ्यांना हवं तेच होतं.

नदाफ सर एक रविवार आड यायचे. आई आणि ते एकाच प्रयोगशाळेत वीस-पंचवीस वर्षं शेजारी उभे राहिलेले. आले की आईच्या उशाशी खुर्ची ओढायचे आणि कॉलेजच्या बातम्या सांगायचे: नवे प्राचार्य कसे सगळ्यांना 'डिअर' म्हणतात, कुठल्या पोराने ऑप्टिक्सच्या प्रॅक्टिकलला भिंगच उलटं लावलं. मग विचारायचे, "मॅडम, तुम्ही असता तर काढलं असतंत ना त्याला बाहेर?" आणि आई म्हणायची, "नाही."

"बघ. वीस वर्षं हेच ऐकतोय," ते केतकीला म्हणायचे.

एका रविवारी वीज गेली. यंत्रं बॅटरीवर चालू होती, खोलीत मात्र काळोख झाला. त्या काळोखात आईच्या कपाळावर, पट्टीच्या उजव्या टोकाला एक लालसर ठिपका दिसत होता. अगदी मंद, विझत आलेल्या उदबत्तीसारखा.

"पूर्वी हा डावीकडे दिसायचा," केतकी सहज म्हणाली.

नदाफ सर पुढे झुकले. "कुठे?"

"डावीकडे. जुन्या पट्टीत. का हो?"

वीज आली तेव्हा सरांनी विचारलं, "एखादी जादा पट्टी आहे का? याच नव्या खोक्यातली?"

खोक्यात एक शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सर कॉलेजातून पिशवी भरून सामान घेऊन आले: व्होल्टेज कमीजास्त करायची पेटी, दोन मीटर, चिमट्यांच्या तारा. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते मांडलं आणि शिल्लक पट्टीच्या डाव्या दिव्याला चिमटे लावले. "यातला एक डोळ्यांना जेमतेम दिसतो, दुसरा मुळीच नाही. तेव्हा पेटला की नाही ते बघायचं नाही, प्रवाह कधी सुरू होतो ते बघायचं. तू वाच."

गोल बटण हळूहळू फिरत गेलं. दुसऱ्या मीटरवरचा काटा कितीतरी वेळ शून्यावर बसून होता आणि मग एकदम उचलला.

"एक पूर्णांक चार... पाच," केतकीने वाचलं.

उजव्या दिव्याला आणखी वर जावं लागलं. एक पूर्णांक सहाच्या पुढे.

"आता बाराशे चाळीसला भाग." सरांचा आवाज बदलला होता. "डाव्याचे येतात साधारण आठशे पन्नास नॅनोमीटर. उजव्याचे सातशे साठ. आणि टॅबवर काय भरलंय?"

केतकीने टॅब आणला. डावा: सातशे साठ. उजवा: आठशे पन्नास.

खोक्याच्या तळाशी कारखान्याचा कागद होता. जुना कारखाना दिव्यांची लांबी नॅनोमीटरमध्ये द्यायचा. या नव्याने इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये ऊर्जा दिली होती: डावा एक पूर्णांक सेहेचाळीस, उजवा एक पूर्णांक त्रेसष्ट. टॅबला नॅनोमीटर हवे होते. दवाखान्यात कुणीतरी गणित न करता लहान आकडा लहान आकड्याला जोडला होता, मोठा मोठ्याला. आणि इथे तर एक वाढलं की दुसरं घटतं. पट्टी ज्याला भरलेलं रक्त समजत होती ते रिकामं होतं, रिकामं समजत होती ते भरलेलं. आईने 'हो' म्हटलं की ती 'नाही' ऐकत होती.

"पण मग आता बरोबर उत्तरं कशी येतात?" केतकीने विचारलं. "गेले कितीतरी महिने बरोबर येतायत."

नदाफ सर उठले. आईच्या खोलीत जाऊन तिच्या उशाशी उभे राहिले, वर्गात ज्येष्ठ प्राध्यापकासमोर उभं राहावं तसे.

"मॅडम, पट्टी उलटी लागलीय. हे तुम्हाला माहीत होतं?"

श्वासयंत्राने दोन-तीन सुस्कारे टाकले.

"हो."

"म्हणजे... 'हो' म्हणायचं तेव्हा तुम्ही मन सैल सोडता आणि 'नाही'ला आकडेमोड करता?"

"हो."

सर खुर्ची ओढून बसले. हसत होते की रडत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "करेक्शन लावलं! अगं, आत पडल्या पडल्या बाईंनी उपकरणातली चूक ओळखली आणि चिन्ह बदलून घेतलं! आणि आम्ही बाहेरचे शहाणे म्हणतोय, डोकं फिरलं. मॅडम, सांगायचं नाही का हो आम्हाला?"

टॅब गप्प राहिला. कशी सांगणार होती ती? हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

सरांना गेटपर्यंत सोडून केतकी वर यायला निघाली. किती तरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. आई आत होती; सगळा वेळ, शाबूत, तिच्या त्या चिरेबंद बुद्धीसकट. जिन्याच्या मधल्या वळणावर मात्र तिचा पाय थांबला.

आईने चिन्ह बदललं ते नंतर. त्याआधीचे ते दिवस होते, ज्यांना सगळे गोंधळाचे दिवस म्हणत होते. तेव्हा आई सरळ उत्तरं देत होती आणि पट्टी ती उलटी सांगत होती. तो प्रश्न त्या दिवसांतला होता.

तिने तिथूनच मामांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"केतके, हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. तो दवाखाना दुरुस्त करेल पट्टी, उद्या करेल नाहीतर परवा. आपण गप्प बसायचं. ताईनं उत्तर दिलंय. हो म्हणाली."

"ती नाही म्हणाली होती, मामा."

"तुला काय माहीत? असेल त्या वेळी डोक्यात खरंच गोंधळ."

"नाव चुकलं, गाव चुकलं, विमान चालवते म्हणाली. ते सगळं आपण खोटं धरलं. तेवढं एकच उत्तर खरं का धरलं?"

"कारण ते बरोबर होतं!" मामा ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "लहान आहेस तू. माणूस असतं तोवर असतं, बाई. कुठल्या तोंडानं परत विचारणार आहेस तिला?"

उत्तर आधी ठरलेलं आणि रीडिंग मागून बसवलेलं. आई असती तर चार शब्द सुनावले असते. पण आई होती की. दोन भिंतींपलीकडे होती, आणि तिला न विचारता हे असंच चालू ठेवता येणार होतं. कुणालाही काही कळलं नसतं. आईची उत्तरं बरोबर येत होती. उद्या सकाळी उकडतंय का, कूस बदलू का, रेडिओ लावू का. परवा सकाळी तेच. केतकीला त्या क्षणी सगळे येणारे दिवस एकामागे एक दिसले आणि त्यातल्या एकाही दिवसाची खिडकी उघडी नव्हती.

ती आत गेली. दुपारचं ऊन पडद्याच्या कडेने फरशीवर आलं होतं. तिने खुर्ची ओढली, आईचा हात हातात घेतला. उबदार होता, नेहमीसारखा जड.

"आई, पट्टीला मी हात लावलेला नाही. तू आत्ता जशी उत्तरं देतेस तशीच दे. बरं?"

"हो."

"तुझं नाव मृदुला?"

"हो."

"त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, यंत्र चालू ठेवू का. तू 'नाही' म्हणाली होतीस?"

"हो."

केतकीने श्वास घेतला. यंत्रानेही घेतला.

"आता? आता वेगळं वाटतं का?"

"नाही."

"थांबवू या?"

या वेळी टॅबला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा केतकीला तसं वाटलं. आई आत कुठल्या तरी शांत जागी जाऊन बसली असेल. ती जागा कुठली, हे केतकीने कधी विचारलं नव्हतं. नदीचा घाट असेल, प्रयोगशाळेतली सुट्टीतली दुपार असेल, आणखी काहीही असेल.

"हो."

दोन डॉक्टर येतील, कॅमेरा येईल, मामा येतील आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतील. सगळं पुन्हा रीतसर विचारलं जाईल आणि आई पुन्हा तेच सांगेल. केतकीला ते आता पक्कं माहीत होतं. टॅबवर अक्षरं लुकलुकत होती: 'पुढील प्रश्न विचारा.' तिच्याकडे प्रश्न उरला नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती एक वाक्य जुळवत होती, ज्याला हो किंवा नाही असं उत्तरच नव्हतं. ते जुळायला वेळ लागला.

"आई, मी तुझ्यासाठी इथं राहिले असं सगळ्यांना सांगत आले. तुलाही सांगितलं. ते खरं नव्हतं. मी माझ्यासाठी राहिले. मला तू हवी होतीस. अजून हवी आहेस." तिने आईचा हात सोडला नाही. "पण तू जा."